एकाच घरातले दोन संगणक एकमेकांच्या फाइली उघडत नसतील तर : पायरीवार मार्गदर्शन

इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगर किंवा सुदामानगरातल्या अनेक मराठी घरांत आज तळमजल्यावर आई-वडिलांचा जुना डेस्कटॉप असतो आणि वरच्या मजल्यावर मुला-सुनेचे लॅपटॉप असतात. गणपतीतले फोटो, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे व्हिडिओ, आयकर विवरणपत्राची कागदपत्रे हे सारे एका मजल्यावर पडलेले असते आणि हवे असते दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे पेन ड्राइव्ह घेऊन जिने चढणे-उतरणे चालू राहते. वास्तविक विंडोजमध्ये फोल्डर शेअर करण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. ती चालते तेव्हा इतकी निमूटपणे चालते की तिची आठवणही राहत नाही; बिघडते तेव्हा मात्र ‘विंडोज कॅनॉट अ‍ॅक्सेस’ अशी एकच चौकट दाखवून गप्प बसते.

खरी अडचण त्या चौकटीतच आहे. राउटरची जोडणी चुकलेली असो, फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी) आड येत असो, पासवर्ड जुळत नसो किंवा संगणक झोपलेला असो, संदेश जवळजवळ सारखाच दिसतो. मग माणूस इंटरनेटवरचे पाच-सहा उपाय एकदम करून पाहतो, आणि त्यांतल्या नेमक्या कशाने काम झाले, किंवा कशामुळे नवीनच काहीतरी मोडले, हे त्याला कळेनासे होते. आमच्या तीन मजली घरातले शेअरिंग लावताना मला जो क्रम उपयोगी पडला तो असा : खालून वर जावे. आधी दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर आहेत का ते पाहावे, मग फोल्डर खरोखर शेअर झाला आहे का, मग वाट मोकळी आहे का, मग ओळख पटते का आणि शेवटी परवानगी पुरेशी आहे का. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, लगेच तपासावी आणि बदल कागदावर लिहून ठेवावा.

पुढे ‘देणारा’ म्हणजे ज्याच्यावर फोल्डर आहे तो संगणक आणि ‘घेणारा’ म्हणजे जिथून तो फोल्डर उघडायचा आहे तो संगणक, असे मी म्हटले आहे. आज्ञा आणि पत्ते येथे देवनागरीत दिले असले तरी टंकताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टंकावेत.

१. हाताशी काय ठेवावे

बसण्यापूर्वी पुढील गोष्टी गोळा केल्यास मध्येच उठावे लागत नाही.

• दोन्ही संगणकांवरील प्रशासक खात्याचे पासवर्ड. रोज पिन टाकून संगणक उघडत असाल तर पिन नव्हे, मूळ पासवर्ड हवा. याचे कारण पाचव्या पायरीत येईल.
• राउटरचा पत्ता आणि त्याचे लॉगिन. ते बहुधा राउटरच्या तळाच्या चिकटपट्टीवर छापलेले असते. तेथे नसेल तर जोडणी देणाऱ्या केबलवाल्याकडून मागून घ्यावे.
• एक चांगली लॅन केबल. वायफायचा दोष आहे की विंडोजचा, हे ठरवण्यासाठी ती लागते.
• दोन्ही संगणकांवरील विंडोजची आवृत्ती. विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून ‘विनव्हर’ टंकले की ती दिसते. ‘होम’ आहे की ‘प्रो’ हेही सेटिंग्जच्या ‘सिस्टिम’मधील ‘अबाउट’ या पानावरून टिपून घ्यावे.
• कागद आणि पेन. हे मी गमतीने लिहिलेले नाही.

२. दोघेही एकाच नेटवर्कवर आहेत का

घरात एकच वायफाय आहे असे आपण धरून चालतो, पण मजल्यांच्या घरांत ते अनेकदा खरे नसते. म्हणून सुरुवात येथूनच करावी आणि या पायरीवर घाई करू नये. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी विंडोजपर्यंत पोहोचतच नाहीत, त्या राउटरजवळच सुटतात.

दोन्ही संगणकांवर ‘कमांड प्रॉम्प्ट’ (आज्ञा टंकण्याची विंडोजची खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. हा एकच शब्द आहे, मध्ये जागा सोडू नये. उत्तरातील ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ ही ओळ शोधून तिच्यापुढचे चार आकडे कागदावर लिहावेत. घरगुती राउटरवर ते सामान्यतः १९२.१६८ ने सुरू होतात. दोन्ही संगणकांचे पहिले तीन आकडे सारखे आणि फक्त चौथा वेगळा असेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.१.८, तर ही पायरी बहुधा पार झाली असे समजावे. तसे नसेल तर पुढीलपैकी काहीतरी घडलेले असते.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. केबल नीट बसवावी, वायफाय तोडून पुन्हा जोडावे, राउटर बंद करून चालू करावा. पत्ता बदलेपर्यंत शेअरिंगच्या कोणत्याही सेटिंगला हात लावू नये.

एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर घरात बहुधा एकामागे एक असे दोन राउटर आहेत. हे असे होते : इंटरनेट देणारा खाली एक पेटी बसवून जातो, तिचे वायफाय जाड भिंतींतून वर पोहोचत नाही, म्हणून आपण बाजारातून दुसरा राउटर आणतो आणि खालच्या पेटीतून आलेली केबल त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात लावतो. इंटरनेट दोन्हीकडे छान चालते, त्यामुळे कोणालाच शंका येत नाही. पण दुसऱ्या राउटरने आपल्यापुरते वेगळे नेटवर्क उभे केलेले असते आणि बाहेरून आत येणाऱ्या मागण्या तो अडवतो. याचे ठळक लक्षण असे की वरच्या लॅपटॉपवरून खालच्या डेस्कटॉपचा फोल्डर आकड्यांचा पत्ता दिल्यावर उघडतो, पण खालून वरचा काही केल्या उघडत नाही. शेअरिंग एकाच दिशेने चालत असेल तर विंडोजला दोष देण्याआधी राउटर मोजावेत.

यावर सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’वर टाकणे, म्हणजे तो वेगळे नेटवर्क न उभारता पहिल्याचेच नेटवर्क पुढे नेतो. ही सोय त्यात नसेल तर तीन कामे याच क्रमाने करावीत : दुसऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून पहिल्याच्या मालिकेतला पण कोणीही न वापरणारा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, मग त्याचे ‘डीएचसीपी’ (पत्ते आपोआप वाटण्याची सोय) बंद करावे, आणि शेवटी केबल ‘वॅन’मधून काढून त्याच्याच एखाद्या ‘लॅन’च्या भोकात लावावी. क्रम उलटा झाला तर दोन्ही राउटर पत्ते वाटू लागतात आणि सगळ्या घराचे इंटरनेट गोंधळते.

वर आणि खाली इंटरनेटच्या दोन स्वतंत्र जोडण्या असतील, म्हणजे दोन वेगळी बिले येत असतील, तर ती दोन वेगळी नेटवर्के आहेत आणि विंडोजमधील कोणतेही सेटिंग त्यांना जोडू शकत नाही. फाइल देताना-घेताना दोन्ही संगणक एकाच वायफायवर आणणे हा त्यावर साधा मार्ग आहे.

आकडे जुळत असूनही संपर्क होत नसेल तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे एखादा संगणक राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर असणे. पाहुण्यांचे हे वायफाय मुद्दामच असे केलेले असते की त्यावरच्या उपकरणाला घरातली इतर उपकरणे दिसू नयेत. दुसरी म्हणजे राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असणे. ते वायफायवरच्या प्रत्येक उपकरणाला एकमेकांपासून तोडते. येथे लॅन केबल कामास येते. दोन्ही संगणक केबलने एकाच राउटरला जोडल्यावर शेअरिंग चालले आणि वायफायवर चालले नाही, तर दोष बहुधा या दोहोंपैकीच एकाचा आहे. कार्यालयाच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट) चालू असेल तर तेही तपासापुरते बंद करावे, कारण काही व्हीपीएन घरच्या नेटवर्ककडे जाणारी वाटच बंद करतात.

३. फोल्डर खरोखर शेअर झाला आहे का

देणाऱ्या संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये ‘नेट शेअर’ अशी आज्ञा द्यावी. जी यादी येते तीत आपल्या फोल्डरचे नाव दिसले पाहिजे. ज्या नावांच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असते ती विंडोजची स्वतःची असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

यादीत नाव नसेल तर फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘शेअरिंग’ आणि तेथे ‘शेअर’ या मार्गाने जावे. त्याच्या शेजारचे ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’ नवख्याने वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साधे ‘शेअर’ बटण शेअरच्या आणि डिस्कवरील फोल्डरच्या अशा दोन्ही स्तरांवरच्या परवानग्या एकदम लावते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ त्यांतली एकच लावते आणि दुसरी आपल्यावर सोडते. फोल्डरही ‘डेस्कटॉप’ किंवा ‘डॉक्युमेंट्स’मधला न निवडता ‘डी’ ड्राइव्हवर थेट एक नवा करावा आणि त्याला इंग्रजी अक्षरांत छोटे, जागा न सोडता नाव द्यावे. आतल्या फाइलींची नावे खुशाल देवनागरीत असू द्यावीत. त्यांनी शेअरिंग अडत नाही.

मग त्याच संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यांना लागून ‘लोकलहोस्ट’ असे टंकावे. संगणक स्वतःकडेच बाहेरच्या वाटेने येऊन पाहतो. येथे फोल्डर दिसला तर शेअर करणारी यंत्रणा ठीक आहे आणि दोष वाटेत किंवा ओळखीत आहे. येथेच दिसला नाही तर दुसऱ्या संगणकाकडे जाण्यात अर्थ नाही.

४. वाट मोकळी आहे का

आता घेणाऱ्या संगणकावर यावे. ‘नेटवर्क’ या खुणेवर दाबून संगणकांच्या यादीची वाट पाहत बसण्याची सवय सोडावी. यादी रिकामी असणे आणि फोल्डर न उघडणे हे दोन वेगळे आजार आहेत. यादीशिवाय फोल्डर उत्तम उघडतो, आणि यादीत नाव असूनही फोल्डर उघडत नाही असेही होते. म्हणून पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि देणाऱ्याचा आकड्यांतला पत्ता टंकून एंटर दाबावे.

नाव-पासवर्ड विचारणारी चौकट आली तर आनंद मानावा, कारण वाट मोकळी आहे. सरळ पाचव्या पायरीवर जावे. बराच वेळ फिरत राहून ०एक्स८००७००३५ हा क्रमांक आणि ‘द नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ असा संदेश आला तर वाटेत अडथळा आहे. खात्री करण्यासाठी घेणाऱ्या संगणकावर ‘पॉवरशेल’ (आज्ञा टंकण्याची दुसरी खिडकी) उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, मग देणाऱ्याचा पत्ता, मग ‘-पोर्ट ४४५’ अशी आज्ञा एका ओळीत द्यावी. विंडोजचे फाइल शेअरिंग ‘एसएमबी’ या पद्धतीने चालते आणि ती टीसीपीच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकात येण्याच्या एका ठरावीक दारावर, बसलेली असते. उत्तराच्या शेवटी ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’पुढे ‘ट्रू’ आले तर दार उघडे आहे, ‘फॉल्स’ आले तर बंद. अनेक जण यासाठी ‘पिंग’ (दुसरा संगणक उत्तर देतो का ते पाहणारी आज्ञा) वापरतात. पण पिंगला उत्तर मिळाले म्हणजे ४४५ उघडे आहेच असे नाही, आणि फायरवॉलने फक्त पिंग अडवले असेल तर शेअरिंग चालत असूनही पिंग अपयशी दिसतो.

दार बंद असेल तर देणाऱ्या संगणकावर पुढील तीन गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

पहिली, नेटवर्कचा प्रकार. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडून जोडलेल्या वायफायच्या किंवा इथरनेटच्या गुणधर्मांत जावे. तेथे ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ असे दोन पर्याय असतात. विंडोज ११ नव्या नेटवर्कला आपणहून ‘पब्लिक’ मानते, म्हणजे आपण रेल्वे स्थानकावर बसलो आहोत अशा सावधगिरीने वागते. घरच्या नेटवर्कसाठी ‘प्रायव्हेट’ निवडावे. राउटर किंवा वायफायचे नाव बदलल्यावर विंडोज ते नेटवर्क नवे समजून पुन्हा ‘पब्लिक’वर जाते, म्हणून ‘कालपर्यंत चालत होते’ अशा तक्रारीत हे सर्वांत आधी पाहावे.

दुसरी, शेअरिंगचे खटके. विंडोज ११ मध्ये त्याच ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’ आणि त्याखालील ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’ येथे, आणि विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनेलच्या ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये, ‘प्रायव्हेट’ या मथळ्याखालील ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ हे दोन्ही चालू करावेत. ‘पब्लिक’खालील खटके बंदच ठेवावेत, तोच लॅपटॉप उद्या कोणाच्या तरी कॅफेत उघडला जाणार असतो.

तिसरी, बाहेरून घेतलेले अँटिव्हायरस. त्यांपैकी कित्येकांची स्वतःची फायरवॉल असते आणि ती विंडोजच्या सेटिंग्जना जुमानत नाही. तिच्यातही घरच्या नेटवर्कला ‘विश्वासू’ किंवा ‘होम’ असे ठरवून द्यावे लागते. तपासापुरती ती काही मिनिटे बंद करून पाहण्यास हरकत नाही, पण शेअरिंग चालले म्हणून तशीच बंद ठेवणे चूक आहे. कारण कळले की फायरवॉल चालू करावी आणि नियम दुरुस्त करावा.

५. ओळख पटते का

ही पायरी सर्वांत जास्त छळते, कारण येथे माणूस खरा पासवर्ड टाकत असतो आणि संगणक तरीही तो नाकारत असतो. मुळात एक गोष्ट ध्यानात घ्यावी : विचारलेले नाव आणि पासवर्ड देणाऱ्या संगणकावरील खात्याचे असतात, आपण ज्याच्यासमोर बसलो आहोत त्याचे नव्हेत. वरच्या लॅपटॉपचा पासवर्ड खालच्या डेस्कटॉपला ठाऊक असण्याचे कारण नाही.

येथे चार सापळे आहेत.

पिन चालत नाही. पिन त्या एका संगणकापुरताच असतो, तो नेटवर्कवरून पाठवता येत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल तर त्या ईमेलचा पासवर्ड द्यावा लागतो. आणि संगणक कायम पिनने किंवा बोटाच्या ठशाने उघडला जात असेल, तर पासवर्ड बरोबर असूनही देणारा तो ओळखत नाही असे होते. अशा वेळी देणाऱ्यावर एकदा पूर्ण पासवर्ड टाकून लॉगिन केल्याने काम होऊ शकते.

कोरा पासवर्ड चालत नाही. आजोबांना त्रास नको म्हणून डेस्कटॉपच्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नसतो. विंडोज अशा खात्याला फक्त त्या संगणकासमोर बसून आत येऊ देते, नेटवर्कवरून येऊ देत नाही. आणि त्यावरचा संदेश खात्यावरील निर्बंधांविषयी, कधी वेळेच्या मर्यादेविषयी बोलतो, त्यामुळे वाचणारा भलतीकडेच शोधत जातो.

दोन्ही संगणकांवर एकाच नावाचे खाते असणे. दोन्हीकडे ‘आई’ नावाचे खाते आहे पण पासवर्ड वेगळे आहेत, तर घेणारा आपणहून स्वतःचे नाव-पासवर्ड पुढे करतो आणि नकार घेऊन येतो.

जुनी साठवलेली ओळख. एकदा चुकीचा किंवा आता बदललेला पासवर्ड ‘लक्षात ठेवा’ म्हणून साठवला गेला की विंडोज तोच वापरत राहते. कंट्रोल पॅनेलमधील ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडून ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’मधील त्या संगणकाची नोंद काढून टाकावी. एकाच संगणकाशी दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही, अशा अर्थाचा १२१९ क्रमांकाचा संदेश आला तर ‘नेट यूज’, मग तारांकन, मग ‘/डिलीट’ ही आज्ञा देऊन जुन्या जोडण्या तोडाव्यात. त्यापूर्वी उघड्या फाइली जतन कराव्यात.

या चारही सापळ्यांतून एकदम सुटण्याची युक्ती अशी की देणाऱ्या संगणकावर शेअरिंगपुरते एक वेगळे स्थानिक खाते करावे. सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’, त्यातील ‘अदर यूजर्स’ येथे नवे खाते जोडताना ईमेल मागितला जातो. तेथे या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही असा पर्याय निवडून पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याविना वापरकर्ता जोडण्याचा पर्याय घ्यावा. खात्याला इंग्रजी अक्षरांत छोटे नाव आणि बऱ्यापैकी पासवर्ड द्यावा, त्याला प्रशासक करू नये आणि तिसऱ्या पायरीतल्या ‘शेअर’च्या चौकटीत या नावाला ‘रीड/राइट’ परवानगी द्यावी. मग घेणाऱ्यावर नाव विचारले की देणाऱ्या संगणकाचे नाव, एक उलटी तिरपी रेघ आणि हे खाते असे लिहावे. आजोबांचा डेस्कटॉप पूर्वीसारखाच पासवर्डाविना उघडत राहतो आणि कोणाचा खासगी पासवर्ड घरभर वाटावा लागत नाही.

‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून टाका, हा सल्ला व्हिडिओंमध्ये सर्रास दिला जातो. तो मी देणार नाही. त्याने घरच्या वायफायवर आलेल्या कोणालाही फोल्डर उघडा होतो, आणि नव्या विंडोजवर तो उपाय पुष्कळदा चालतही नाही. विंडोज ११ ‘प्रो’ची २०२४ मधील २४एच२ ही आवृत्ती पासवर्डाविना ‘गेस्ट’ म्हणून होणारे प्रवेश आपणहून नाकारते.

६. उघडतो, पण लिहू देत नाही

फोल्डर दिसतो, फाइल वाचता येते, पण जतन करताना नकार मिळतो, तर परवानगी अपुरी आहे. विंडोजमध्ये परवानग्यांचे दोन थर असतात : एक शेअरचा, दुसरा डिस्कवरील फोल्डरचा, जो ‘सिक्युरिटी’ या पानावर दिसतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोहोंपैकी जो अधिक कडक असेल तोच लागू होतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’मध्ये ‘एव्हरीवन’ला आपोआप फक्त वाचण्याची परवानगी मिळते, म्हणून तेथून गेलेले लोक येथे अडकतात. शेअर रद्द करून साध्या ‘शेअर’ बटणाने पुन्हा करणे हाच छोटा रस्ता.

७. नाव दिसत नाही, किंवा पत्ता बदलत राहतो

आकड्यांच्या पत्त्याने सारे चालते पण ‘नेटवर्क’च्या यादीत संगणक येत नाही, तर देणाऱ्यावर ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू करावी आणि तिची सुरुवात ‘ऑटोमॅटिक’ ठेवावी. संगणकाचे नाव इंग्रजीत आणि १५ अक्षरांच्या आत असावे.

पावसाळ्याच्या तोंडावर वादळात वीज गेली आणि राउटर पुन्हा सुरू झाला की तो संगणकांना वेगळे पत्ते देऊ शकतो आणि कालचा शॉर्टकट आज मेलेला असतो. राउटरमधील ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये देणाऱ्या संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवावा. त्यानंतर घेणाऱ्यावर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ने त्या फोल्डरला एक अक्षर देऊन टाकले की घरातल्या वडीलधाऱ्यांना तो साध्या ड्राइव्हसारखा वापरता येतो.

दिवसा चालते आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडते, तर देणारा संगणक झोपतो आहे. ‘पॉवर’च्या सेटिंग्जमध्ये, वीज जोडलेली असताना झोपू नये, असे ठरवावे.

८. जुनी यंत्रे आणि नवे नियम

विंडोज एक्सपी केवळ ‘एसएमबी’ची पहिली आवृत्ती जाणते आणि ती आवृत्ती विंडोज १० च्या १७०९ या अद्यतनापासून, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून, नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये येत नाही. ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन ती पुन्हा चालू करा, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला ‘वॉनाक्राय’ हा फाइली अडकवून खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम याच आवृत्तीतल्या दोषातून संगणकांत शिरला होता, हे आठवून त्यांना नम्रपणे नकार द्यावा. विंडोज ७ ला दुसरी आवृत्ती येते, म्हणून केवळ त्याच्यासाठी पहिली चालू करण्याची गरजच नसते. एक्सपीवर एखादे जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर जिवंत ठेवावेच लागत असेल तर त्याच्यापुरता पेन ड्राइव्ह बरा. ‘होमग्रुप’ ही घरगुती शेअरिंगची जुनी सोय शोधत असाल तर ती २०१८ च्या १८०३ या अद्यतनात काढून टाकण्यात आली आहे.

राउटरला मागे लावलेली हार्ड डिस्क किंवा साठवणुकीची वेगळी पेटी नव्या विंडोजवरून उघडत नसेल आणि तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे प्रवेश नाकारला आहे, अशा अर्थाचा संदेश येत असेल, तर गोंधळू नये. घरात कसली संस्था आणि कसले धोरण! अर्थ इतकाच की ते उपकरण पासवर्डाविना आत घेऊ पाहते आणि विंडोजला ते मान्य नाही. उपकरणाच्या सेटिंग्जमध्ये नाव आणि पासवर्ड ठरवून द्यावा आणि त्याचे अद्यतन करून घ्यावे. २४एच२ पासून ‘प्रो’ आवृत्तीत प्रत्येक जोडणीवर डिजिटल स्वाक्षरीची (संदेश खरा असल्याच्या खुणेची) सक्ती आहे, आणि फार जुन्या पेट्यांना ती करता येत नाही.

एक सापळा अलीकडचा आहे. दोन संगणक एकदम घेतले आणि दुकानदाराने एकावर विंडोज बसवून त्याचीच नक्कल दुसऱ्यावर उतरवली, असे होते. अशा दोघांचा आतला ओळखक्रमांक एकच राहतो. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासूनच्या अद्यतनांनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्या असे जुळे संगणक एकमेकांशी बोलू लागले की ओळख नाकारतात. पासवर्ड कितीही बरोबर असला तरी. दोन्हीवर ‘हूअ‍ॅमआय /यूजर’ ही आज्ञा देऊन येणारे लांबलचक क्रमांक ताडून पाहावेत. शेवटचा गट वगळता बाकी सर्व सारखे असेल तर ते जुळे आहेत. सामान्य माणसाला झेपणारा उपाय एकच : महत्त्वाच्या फाइली बाहेर काढून एका संगणकावर विंडोज नव्याने बसवून घेणे.

घरात मॅक असेल तर त्याच्या ‘शेअरिंग’मधील ‘फाइल शेअरिंग’ चालू करून भागत नाही. त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये विंडोजसाठी आपल्या खात्यापुढे वेगळी खूण करून पासवर्ड द्यावा लागतो.

९. चालते, पण फार सावकाश

जुन्या राउटरची आणि तारांच्या फक्त दोन जोड्या जोडलेल्या केबलची मर्यादा सेकंदाला १०० मेगाबिट असते, म्हणजे प्रत्यक्षात ११-१२ मेगाबाइट. २० जीबीचे लग्नाचे चित्रीकरण या वेगाने अर्धा तास घेते, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. कॅट ५ई केबलच्या चारही जोड्या जोडलेल्या असतील आणि राउटरची भोके गिगाबिटची असतील तर तेच काम, डिस्क जलद असल्यास, तीन-चार मिनिटांत होते. केबल आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून आणा किंवा इतर कोठून, विकत घेताना चारही जोड्या आहेत ना हे विचारून घ्यावे. वायफायवर असाल तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचे नाव निवडावे, मात्र भिंती ओलांडताना ते लवकर क्षीण होते.

काही फाइली जातात आणि काही अडतात, तर दोन गोष्टी पाहाव्यात. जाण्याची जागा ‘फॅट३२’ पद्धतीची डिस्क असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तीत मावत नाही. आणि फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २६० वर्णांच्या पुढे गेला तर एक्सप्लोरर अडखळतो. देवनागरीत ही मर्यादा लवकर येते, कारण काना, मात्रा आणि हलन्त हे सारे वेगळे मोजले जातात. ‘क्षे’ हे आपल्याला एक अक्षर वाटते, पण विंडोज त्याचे चार वर्ण धरते. ‘श्रीगणेशोत्सव स्थापनेच्या दिवशीची छायाचित्रे’ अशा नावाचे फोल्डर एकात एक ठेवले की फाइल जागच्या जागी अडकते. नावे आखूड करावीत.

१०. दुरुस्तीवाल्याला बोलावायचेच झाले तर

येणारा तरुण हिंदीत बोलेल, घाईत असेल आणि फायरवॉल बंद करून पाहण्याकडे त्याचा पहिला कल असेल. त्याला कागद दाखवावा : दोन्ही संगणकांचे पत्ते, दोन्हींची विंडोज आवृत्ती, ४४५ च्या तपासणीचे उत्तर, ‘लोकलहोस्ट’वर फोल्डर दिसतो की नाही, आणि आलेल्या संदेशाचा नेमका क्रमांक. तो काम करत असताना प्रत्येक बदल त्याच्याकडून सांगून घेऊन लिहावा, आणि तो निघण्यापूर्वी त्याच्यासमोरच चार गोष्टी पाहून घ्याव्यात : फायरवॉल चालू आहे, ‘एसएमबी १.०’ची खूण रिकामी आहे, ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू आहे, आणि फोल्डरच्या साध्या ‘शेअर’च्या चौकटीत ‘एव्हरीवन’ नाही.